उरलेल्या नव्याण्णवांचं काय?

माझी मावशी जन्माची काळजीखोर आहे, आणि तिला नोकरीही अशीच मिळाली की काळजी वाढतच राहावी. बसडेपोतली हरवलेल्या वस्तूंची खोली ती सांभाळते. लोक बसमध्ये काय काय विसरतात ते बघून बघून तिचा माणसांवरचा विश्वास पार उडाला आहे. छत्र्या, डबे, चष्मे हे रोजचंच. पण एक गृहस्थ दातांची कवळी सीटवर ठेवून उतरले होते, आणि एका बाईने नवऱ्याच्या एक्स-रेचं पाकीट सोडलं होतं. त्यामुळे मावशीबरोबर बाहेर जायचं म्हणजे डोक्याला ताप. ती मधूनच माझ्या पर्सला हात लावून बघते, कुलूप ओढून पाहायला अर्ध्या रस्त्यातून मागे फिरते आणि वर मलाच म्हणते, "तुझं लक्ष कुठं असतं गं?"

खोलीचा नियम तिचा स्वतःचा आहे. वस्तू न्यायला आलेल्याने आधी खूण सांगायची. छत्री काळी आहे, एवढ्याने भागत नाही. मुठीला काय बांधलंय, कुठली काडी वाकलीय, ते सांगा. "ज्याची वस्तू असते त्याला तिच्यावरचा ओरखडासुद्धा पाठ असतो," असं ती म्हणते. मुदतीत कोणी आलं नाही तर वस्तू लिलावात जाते, आणि त्या दिवशी मावशी धड जेवत नाही. तिने लग्न केलं नाही. का, असं कोणी विचारलं तर म्हणते, "खूण सांगून न्यायला कोणी आलंच नाही." यावर सगळे हसतात आणि माझी आई विषय बदलते.

रविवारी ती चर्चच्या मागच्या खोलीत मुलांना बायबलमधले दृष्टांत सांगते. त्याचीही तिची एक तऱ्हा आहे. गोष्ट ती आमच्याच रस्त्यांवर आणून ठेवते. पेरणारा निघतो तो पेट्रोलपंपामागच्या मोकळ्या जागेत, त्याचं काही बी फुटपाथवर पडतं आणि कबुतरं खातात. लुटारूंनी मारझोड करून टाकलेला प्रवासी गॅरेजच्या वळणावर पडलेला असतो. मुलं सोमवारी शाळेत जाताना त्या वळणावर वाकून बघतात. पण गोष्ट संपली की मावशी गप्प. अर्थ सांगायचा नाही. बिस्किटं वाटायची आणि सुट्टी. एखाद्याने विचारलंच, "म्हणजे काय मावशी?" तर म्हणायचं, "तुला काय वाटतं?" आणि त्याला काहीच वाटत नसेल तर, "मग आठवडाभर खिशात ठेव. बघ काय होतंय."

मला हे कधीच पटलं नाही. मी पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांतली. उपासनेत मी ऑर्गन वाजवते, तिथे सूर कुठे संपतो हे कागदावर लिहिलेलं असतं, म्हणून मला बरं वाटतं. आमच्या चर्चच्या नव्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांनाही, ते पटत नव्हतं. तरुण माणूस, मनाने चांगला, पण मुलांच्या बाबतीत फार धास्तावलेला.

"मावशी, अर्थ सांगत जा हो," ते एकदा म्हणाले. "नाहीतर मुलं भलतंच काहीतरी धरून बसतील."

"येशूनं तरी कुठं सगळ्यांना फोड करून सांगितली? शिष्य मागेच लागले तेव्हा एखाद्या गोष्टीची सांगितली."

"शिष्य मोठे होते. आणि त्यांनाही कळलं नाही म्हणूनच मागे लागले ना!"

"अर्थ हातात दिला की मुलं गोष्ट टाकून देतात," मावशी म्हणाली. "बिस्किट खाल्लं की कागद टाकतात तशी. मला गोष्ट टिकायला हवी."

दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच तो वाद मिटत नव्हता. मिटला तो एका भयंकर रविवारी.

वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे शहाणी म्हणत. खरं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. बाप लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवायचा, घरी असला तर झोपलेला. आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची. धाकटा भाऊ छोटू, त्याला दम्याचा त्रास. कधी धाप लागेल याचा नेम नाही, म्हणून आई त्याला सतत कडेवर घेऊन असे आणि त्याच्या औषधाच्या पंपाची पिशवी खांद्याला. शहाणी स्वतः उठायची, स्वतः वेणी घालायची, स्वतःचा डबा भरायची. चर्चमध्ये बायका आईला म्हणायच्या, "काय गुणाची पोर आहे गं तुझी!" आई म्हणायची, "हो ना, तिची मला काळजीच करावी लागत नाही." हे शहाणीसमोरच म्हणायची, कौतुकाने.

आदल्या रविवारी मावशीने हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली होती. शंभर मेंढरं, त्यातलं एक हरवतं, मेंढपाळ नव्याण्णव रानात सोडून त्याला शोधायला जातो आणि खांद्यावर घेऊन येतो. मुलांना खांद्यावरचा भाग आवडला. शहाणीने हात वर केला. ती कधी हात वर करत नसे.

"मावशी, पण उरलेल्या नव्याण्णवांचं काय?"

"तुला काय वाटतं?" मावशीने नेहमीसारखं विचारलं.

शहाणीने बिस्किट घेतलं, रुमालात बांधलं आणि छोटूसाठी घेऊन गेली.

तर त्या रविवारी उपासना सुटली. अंगणात चहा सुरू झाला. मी ऑर्गनवर झाकण टाकत होते, तेवढ्यात शहाणीची आई छोटूला घेऊन मागच्या खोलीच्या दारात आली.

"शहाणीला पाठवता का?"

"तुझ्याकडेच आली ना?" मावशी कप विसळता विसळता म्हणाली. "वर्ग सुटायच्या आधीच गेली. आईनं बोलावलंय म्हणाली."

"मी कुठं बोलावलं?"

मावशीच्या हातातला कप टबात पडला. खोटं, आणि शहाणीने? ती खोटं बोलली असेल हे आम्हा तिघींना खरंच वाटेना. आम्ही चर्चमध्ये बघितलं, माळ्यावर बघितलं, बाथरूमची दारं ठोठावली. अंगणातल्या लोकांनी कप खाली ठेवले. घरी माणूस पाठवला, तो कुलूप बघून परत आला. कोणीतरी "असेल इथंच" असं म्हणालं आणि मला त्याचा इतका राग आला की मी त्याच्याकडे पाठ फिरवली. बाहेर मोठा रस्ता होता, रविवारचा मोकळा, आणि मोकळ्या रस्त्यावर गाड्या कशा सुटतात ते सगळ्यांना ठाऊक होतं.

पाळकसाहेबांनी पोलीस चौकीला फोन लावला. पलीकडच्याने विचारलं, मुलीने काय घातलंय?

"निळा फ्रॉक," आई म्हणाली. मग थांबली. "नाही. निळा मागच्या रविवारी होता. थांबा हं. आज..."

पाळकसाहेब फोन कानाला लावून तिच्याकडे बघत राहिले.

"केस बांधलेले होते की मोकळे?"

"ती स्वतःच घालते हो वेणी. सकाळी याला धाप लागली होती, मी याच्याच मागं होते. ती तयार होऊन दारात उभी होती. मी बघितलं तिला. बघितलं नक्की." तिने छोटूला घट्ट धरलं. छोटूच्या अंगात काय होतं, ते कोणी न विचारता तिला सांगता आलं असतं, मोज्यांच्या रंगासकट. मला आधी तिचा संताप आला, आणि तिचा चेहरा बघून तो लगेच जिरला. त्या बाईच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"पिवळा फ्रॉक," मावशी हळू आवाजात म्हणाली. "डाव्या बाहीचं बटण गेलंय, तिथं टाचणी लावलीय. एकच वेणी, जरा तिरकी."

पाळकसाहेबांनी ते फोनवर सांगितलं. आईने मावशीकडे असं बघितलं की मावशीने नजर खाली घातली.

फोन ठेवून पाळकसाहेब मावशीकडे वळले. "त्या मेंढराच्या गोष्टीनंतरच हे झालंय, बरोबर ना? मी म्हणत होतो तुम्हाला."

"म्हणत होता," मावशी म्हणाली. "माझ्याच गोष्टीत जाऊन बसलीय ती कुठंतरी." आणि तिने वर्गातल्या मुलांना जवळ बोलावलं. "मला सांगा रे, मेंढरू कुठं हरवलं होतं? मी कुठली जागा सांगितली होती?"

"पाण्याच्या टाकीमागे," एक जण म्हणाला.

"नाही, शाळेच्या भिंतीपलीकडे. तिथं काटे आहेत."

"हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये होतं!"

"आमच्या जिन्याखाली," एक मुलगी अगदी खात्रीने म्हणाली. सगळ्यात लहानग्याने सांगितलं, फ्रीजच्या मागे.

मावशी भिंतीला टेकली. "मी जागा सांगितलीच नव्हती," ती मला म्हणाली. "त्या दिवशी घसा बसला होता म्हणून उरकलं मी. ह्यांनी आपापलं मेंढरू आपापल्या जागी हरवलंय."

तरी माणसं सगळीकडे धावली. टाकीमागे, भिंतीपलीकडे, पार्किंगमध्ये, अगदी त्या जिन्याखालीसुद्धा. मी, मावशी आणि पाळकसाहेब रस्त्याच्या कडेने हाका मारत निघालो. पिवळं काही दिसलं की मी तिकडे धावायचे. एकदा पिवळी पिशवी निघाली, एकदा दुकानाची पाटी. शहाणीची आई छोटूला घेऊन अंगणातच थांबली होती. धावपळीत त्याला धाप लागली असती, आणि त्याला सोडून ती निघू शकत नव्हती. फाटकाशी उभी राहून ती येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा वाचत होती.

"ती लपलीय, शोधावं म्हणून," मावशी पुन्हा पुन्हा म्हणत होती. "मेंढरू झालीय ती."

पाळकसाहेब मध्येच थबकले. "पण मावशी, ती हरवणाऱ्यांतली नाहीच. ती उरलेल्यांतली." ते स्वतःशीच बोलल्यासारखं पुढे म्हणाले, "ही गोष्ट येशूनं हरवलेल्यांना सांगितलीच नव्हती. हा वाईट लोकांबरोबर जेवायला बसतो म्हणून जे कुरकुरत होते, त्यांना सांगितली. जे कधी वाट चुकले नव्हते, त्यांना. ते ऐकून घरी गेले, पुढं त्यांनी काय केलं ते लिहिलेलं नाही."

"म्हणजे विचारत होती ती," मावशी म्हणाली. "मला सरळ विचारत होती, आणि मी तिला म्हटलं, तुला काय वाटतं." ती चालता चालता थांबली आणि तिने माझा दंड पकडला. "अगं, तिनं मला आधीही एकदा विचारलं होतं. डेपोत."

मागे एकदा शहाणी तिचा रेनकोट बसमध्ये विसरली होती. आई छोटूला घेऊन दवाखान्यात, म्हणून ती एकटीच रेनकोट न्यायला आली. मावशीने खूण विचारली. शहाणीने आतल्या शिवणीपासून सगळं सांगितलं. रेनकोट मिळाला तरी ती खिडकीशीच रेंगाळली. माणूस विसरलं तर तेही इथेच ठेवतात का, असं तिने विचारलं. मावशी चिठ्ठ्या बांधत होती. माणसं चालत घरी जातात, असं ती म्हणाली. आणि कोणी न्यायलाच आलं नाही तर, शहाणीने विचारलं.

"मी काय म्हटलं माहितेय?" मावशीच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हटलं, मुदत संपली की लिलाव. गंमत म्हणून म्हटलं गं मी."

पाळकसाहेबांना अंगणात परत पाठवून आम्ही दोघी डेपोकडे पळालो. मावशीला मी तोपर्यंत कधी पळताना बघितलं नव्हतं. मोठा रस्ता तिने हात वर करून गाड्या थांबवत ओलांडला, शिव्या खात. डेपो रविवारचा सुस्त होता. हरवलेल्या वस्तूंच्या खोलीचं शटर खाली होतं, आणि शटरसमोरच्या बाकावर, ताठ पाठीने, हात गुडघ्यांवर ठेवून शहाणी बसली होती. पिवळा फ्रॉक, तिरकी वेणी.

मी पुढे धावणार, तोच मावशीने मला खांबामागे ओढलं.

"जाऊ नकोस."

"अगं काय चाललंय तुझं? तिथं तिची आई वेडी व्हायची वेळ आलीय!"

"आपण नेलं तर ती चुकीच्या माणसाला सापडेल," मावशी म्हणाली. तिने माझा हात सोडला नाही. तिने शहाणीच्या आईला फोन लावला. "दिसतेय. धडधाकट आहे. डेपोत, माझ्या खोलीसमोर. नाही, मी आणत नाहीये तिला. तू ये. नाही, दुसरं कोणी नको. तू."

पुढचा वेळ कसा गेला ते विचारू नका. मी मावशीवर मनातल्या मनात जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कोणावर चिडले नसेन. एक बाई शहाणीशेजारी येऊन बसली, तिला काहीतरी विचारू लागली. शहाणीने मान हलवली. बाई उठून गेली. मग एक बस मागे मागे येत थेट बाकासमोर लागली आणि शहाणी आमच्या नजरेआड झाली. बसचं दार उघडल्याचा आवाज आला. "चढली तर?" मी म्हटलं. मावशीने ओठ इतका दाबून धरला होता की पांढरा पडला होता. ती एक पाऊल पुढे गेली, थांबली, आणखी एक पाऊल गेली. बस हलली. बाक रिकामा होता. मावशीच्या तोंडून कसलासा आवाज निघाला, आणि तेवढ्यात शहाणी दिसली, शटरला पाठ लावून उभी. धूर तोंडावर येऊ नये म्हणून बाजूला झाली होती. तिने बाकावर फुंकर मारली आणि पुन्हा बसली.

मग तिची आई आली. एका पायात चप्पल होती, दुसरी कुठे गेली याचा तिला पत्ता नव्हता. तिने आमच्याकडे बघितलंही नाही. बाकासमोर जाऊन उभी राहिली.

शहाणीने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या कडेकडे बघितलं, मग तिच्या मागे.

"छोटू कुठंय?"

"दिला," आई धापा टाकत म्हणाली.

"कोणाकडे?"

"कोणाकडे तरी. समोर हात दिसले, त्यात दिला न् निघाले. कोणाचे होते, नाही आठवत मला."

शहाणी ताडकन उभी राहिली. "अगं, आणि त्याचा पंप?"

आईने खाली बघितलं. खांद्याला पिशवी नव्हती, पण मूठ घट्ट आवळलेली होती आणि मुठीत पंप होता. सगळा रस्ता ती तो हातात धरून पळत आली होती.

"आई! चल, चल लवकर! त्याला लागला तर?" शहाणी तिचा हात ओढू लागली. आई हलली नाही. ती तिथेच जमिनीवर बसली, तिने शहाणीच्या कमरेला मिठी घातली आणि तोंड तिच्या फ्रॉकमध्ये दडवलं.

"थांब गं जरा."

"पण छोटू!"

"असू दे तो तिकडं," आई म्हणाली. "जरा वेळ असू दे."

तेव्हा शहाणी रडली. आधी तोंड वाकडं करून, मग मोठ्याने, लहान मुलासारखी. आणि ती लहानच होती, हे मला पहिल्यांदा ध्यानात आलं. आई तिच्या बाहीवरून हात फिरवत विचारत होती, "ही टाचणी कधी लावलीस तू? टोचली नाही ना?"

मावशीने मात्र डोळे पुसता पुसता आईच्या हातातून पंप काढून घेतला आणि माझ्या हातात कोंबला. "पळ," ती म्हणाली.

आणि मी पळाले. मोठा रस्ता ओलांडून, चर्चच्या अंगणापर्यंत. त्या गोष्टीत उरलेल्या नव्याण्णवांकडेही कोणीतरी असंच धापा टाकत पळालं असेल, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. मी हे नंतर मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "आठवडाभर खिशात ठेव."

छोटू ठीक होता. पाळकसाहेबांच्या कडेवर बसून त्यांचा चष्मा ओढत होता. पाळकसाहेब घामाने निथळत होते. मूल कडेवर कसं धरतात हे त्यांना माहीत नव्हतं आणि त्यांनी त्याला पडेल या भीतीने दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. मी पंप दाखवला तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

थोड्या वेळाने त्या तिघी फाटकाशी आल्या. आईने शहाणीला उचललं होतं. एवढी मोठी मुलगी, पाय आईच्या गुडघ्यांवर आपटत होते. "उतरव ना गं, लोक बघतायत," असं ती म्हणत होती, पण गळ्यातले हात सोडत नव्हती. मागून मावशी, रस्त्यात सापडलेली चप्पल हातात घेऊन.

आईला बघताच छोटूने सवयीने दोन्ही हात पुढे केले. आईने त्याच्याकडे बघितलं, हसली, आणि तशीच पुढे चालत राहिली. तिचे हात भरलेले होते. छोटूला त्या दिवशी घरापर्यंत पाळकसाहेबांनी उचलून नेलं.